बंदी आणि मुभा: आपल्या ताटाचा इतिहास



आषाढ लागला की आमच्या गटांच्या बैठकीत हप्ते आणि व्याज यांच्या आधी एक प्रश्न हमखास येतो: यंदा कांदेनवमी कधी? आषाढ शुद्ध नवमी, म्हणजे आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी. एकादशीला चातुर्मास बसतो. जे घर तो पाळतं, त्या घरात मग कांदा, लसूण आणि वांगं चुलीपाशी येत नाही. म्हणून नवमीला एकदा मनसोक्त खाऊन घ्यायचं. कांदाभजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याचा झुणका, भाकरीबरोबर बुक्कीनं फोडलेला कच्चा कांदा. आमच्यातली एक आजी म्हणते, "बाकीच्या सणाला आधी देव खातो, मग आपण. ही नवमी मात्र सरळ आपल्या जिभेची."

शाळेच्या इतिहासात लढायांच्या सनावळ्या होत्या. त्या काळात बाया काय शिजवत होत्या आणि त्यातलं त्यांच्या वाट्याला काय येत होतं, हे त्यात नव्हतं. आज आम्ही त्याबद्दल बोलणार आहोत. आपल्या वर्षाचं ताट नीट पाहिलं तर त्यात आधी बंदी असते आणि मग मुभा. काही दिवस एखादी गोष्ट खायची नाही आणि एका ठरलेल्या दिवशी पोटभर खायची. ही बंदी कुणाला किती लागू होती आणि मुभा कुणाला किती मिळाली, तिथे आपला इतिहास आहे.

कांद्यापासूनच सुरुवात करू. आपण नाशिकच्या बाया, आपल्याला कांदा कुणी शिकवायला नको. उन्हाळ कांदा चैत्र-वैशाखात निघतो, चाळीत जातो आणि पावसाळाभर आपण तोच निवडत बसतो. लाल पोळ कांदा यायला दिवाळीचा सुमार उजाडतो आणि त्याच्या मागून रांगडा. मधल्या ओल्या महिन्यांत साठवणीच्या कांद्याला कोंब फुटतात, तळाचा थर सडतो. पूर्वी तर हवेशीर चाळीसुद्धा नव्हत्या. वांग्यात याच दिवसांत अळी जास्त. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात की चातुर्मासाची बंदी देवाच्या नावानं असली तरी ती साठवणीच्या सोयीची होती. शास्त्रात कारण वेगळं दिलंय, कांदा-लसूण तामसी म्हणून. प्रत्येक रूढीच्या मागे विज्ञान शोधायची सध्या टूम आहे. आम्हाला त्याची घाई नाही. एवढं मात्र खरं की ज्या महिन्यांत कांदा कमी आणि वाईट मिळायचा, त्या महिन्यांत तो न खाण्याचा नेम होता आणि घर त्यावर भागत होतं.

ह्याच चार महिन्यांत उपवासांची गर्दी. आणि उपवास म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे: एकादशी, दुप्पट खाशी! साबुदाण्याची खिचडी न आवडणारी बाई आम्हाला अजून भेटायची आहे. पण ह्या खिचडीची गंमत बघा. शेंगदाणा, बटाटा, मिरची हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीज लोक समुद्रमार्गे आल्यानंतर आपल्याकडे आलेले. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओकाही तिकडचाच. पूर्वी साबुदाणा बाहेर देशातून यायचा. दुसऱ्या महायुद्धात तो माल थांबला आणि तमिळनाडूत सेलमकडे त्याचे कारखाने वाढले. म्हणजे ज्या पदार्थाला आपण सगळ्यात सोवळं समजतो, तो पातेल्यातला सगळ्यात नवा पाहुणा. त्याच्या आधी उपवासाला होती ती भगर. वरईचा तांदूळ. तो कुठे पिकतो? आपल्याच पश्चिमेच्या डोंगरउतारावर. नाशिकच्या भगर मिलमधून आजही तो लांबलांब जातो. खिचडी सोडा असं आम्ही मुळीच म्हणत नाही, सोडणार कोण! पण भगरीला 'उपासापुरती' म्हणून कोपऱ्यात बसवलंय, ते तिच्या मानाला शोभत नाही.

आता डोंगरउताराचा विषय निघालाच आहे तर तिकडे जाऊ, कारण कांदेनवमी ही सगळ्या जिल्ह्याची नाही. इंग्रजांनी १८८३ साली नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. त्यात जिल्ह्याचे दोन भाग सांगितलेत, पश्चिमेचा डांग आणि पूर्वेचा देश. हे शब्द साहेबाचे नाहीत, आपल्याच लोकांचे. देशावर बाजरी, डांगात नागली आणि वरई. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडच्या पाड्यांवर चातुर्मासाची कांदाबंदी कुणी फारशी पाळली नाही. तिथली बंदी वेगळी होती. सुरगाण्याच्या पट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या गुजरातच्या डांगात कोकणा समाज तेरा नावाचा सण करतो. तेरा म्हणजे रानातला अळू. पहिल्या पावसानंतर त्याची पानं वर येतात, पण सण होऊन देवाला दाखवल्याशिवाय ती कुणी खुडायची नाहीत. सण झाला की मग भाजी मोकळी. तेरा खाजरा असतो, आंबट घालून नीट शिजवला नाही तर घसा धरतो, त्यामुळे कोवळ्या पानाची घाई तशीही बरी नसते. त्याच्या मागून एकेक रानभाजी येते: कर्टुली, कुरडू, टाकळा, बांबूचे कोंब. कुठली कोणत्या पावसात खायची, कुठली उकळून पहिलं पाणी फेकायचं, हे बायांनाच ठाऊक असतं. ही विद्या कुठल्या पुस्तकात लिहून ठेवलेली नव्हती. सासूनं सुनेला रानात नेऊन दाखवली.

पण ह्या रानभाज्यांचं नुसतं कौतुक करून चालत नाही. आषाढ-श्रावण हे डांगात भुकेचे महिने. मागच्या वर्षीची नागली कणगीच्या तळाला लागलेली, नवी यायला दिवाळी. आणि ह्याच दिवसांत चिखलात कंबर वाकवून भात-नागलीची आवणी करायची. पोटात काही नाही आणि काम सगळ्यात जास्त, असं ते गणित. अशा घरांना पावसाळ्यात धान्यासाठी जे कर्ज मिळायचं त्याला सरकारदरबारी नावच पडलं 'खावटी'. खावटी म्हणजे खायला लागणारं. आदिवासी विकास महामंडळ १९७२ साली निघालं, त्याचं मुख्य कार्यालय आपल्या नाशकातच आहे, आणि खावटी कर्ज त्याच्यामार्फत मिळत आलं. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, सरकारनं कुटुंबाला ४,००० रुपयांचं खावटी अनुदान मंजूर केलं, निम्मं रोख आणि निम्मं वस्तूंच्या रूपात. तेव्हा देशावरच्या बाईची आषाढातली कांदाबंदी आणि डांगातल्या बाईचं आषाढातलं उपाशीपण ह्या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका. एकीनं ठरवून सोडलं होतं, दुसरीपाशी सोडायला काही नव्हतं. हल्ली कृषी विभाग ९ ऑगस्टच्या सुमाराला रानभाजी महोत्सव भरवतो आणि शहरातल्या बाया हौसेनं कर्टुली विकत घेतात. चांगलंच आहे, आपल्या गटांना चार पैसे मिळतात. पण विकून संध्याकाळी घरी काय शिजलं, हेही एकदा विचारावं.

पाऊस संपतो. कार्तिकी एकादशीला चातुर्मास सुटतो, पण ज्यांच्या घरी खंडोबाचा कुळाचार आहे ते वांग्याला हात लावायला चंपाषष्ठीपर्यंत थांबतात. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. ओझरला त्या दिवशी खंडोबाची मोठी यात्रा असते. घरोघर नैवेद्याला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा, बरोबर पातीचा कांदा. हा नैवेद्य म्हणजे त्या महिन्याच्या शेताचा चालता-बोलता हिशेब. बाजरी नुकतीच खळ्यावरून घरात आलेली, थंडीनं वांगं गोड झालेलं, शेतात कांद्याची हिरवी पात. देवाला दुसरं काही मागायला कारणच नाही! आणि चार महिने न खाल्लेल्या वांग्याला जी चव लागते ती बारा महिने बाजारात मिळणाऱ्या वांग्याला कशी लागेल? शेणीच्या निखाऱ्यावर भाजलेलं, वरून कच्चं तेल, हिरवी मिरची. तोंडाला पाणी सुटलं असेल तर माफ करा, आम्हालाही सुटलंय.

पुढे भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, आणि गाजर, वालपापडी, वांगं, ओला हरभरा, बोरं, सगळं एकत्र घातलेली भाजी. न खाई भोगी तो सदा रोगी, असं आपण म्हणतो. ती सांगायला वेगळं काही नाही, तुम्ही सगळ्या करता.

मग थेट वैशाखात येऊ, आखाजीला, कारण तिथे आमचा जीव अडकलेला आहे. मालेगाव, बागलाण, कळवण ह्या भागात, जिथे आपली अहिराणी चालते, तिथे अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी. पितरांच्या नावानं घागर भरायची आणि लेकी माहेरी आणायच्या. झाडाला झोके, झोक्यावर गाणी. आणि जेवायला आमरस आणि खापराची पुरणपोळी, म्हणजेच मांडे. मऊसूत कणकेत पुरण भरायचं, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ती पोळी हाताच्या कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. हात जरा चुकला की फाटली. ही कला ज्या बाईच्या हातात आहे तिला आज लग्नसराईत बोलावणी येतात आणि मजुरीही चांगली मिळते.

मांडे किती जुने? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकातला. त्यात राजाच्या जेवणात 'मंडक' येतो. म्हणजे नऊशे वर्षं झाली. राजाच्या ताटातला मांडा गरिबाच्या कथेतही आहे. ती कथा तुम्हाला पाठ असेल. निवृत्तीनाथांना मांडे खावेसे वाटले. धाकटी मुक्ता खापर आणायला कुंभारवाड्यात गेली. विसोबा चाटी नावाच्या गावातल्या वजनदार माणसानं कुंभारांना बजावून ठेवलं होतं, ह्या संन्याशाच्या पोरांना भांडं द्यायचं नाही. पोर रडत घरी आली. तेव्हा ज्ञानदेवांनी आपली पाठ तापवली आणि मुक्तेनं पाठीवर मांडे भाजले. पुढे विसोबा शरण आला असं सांगतात. निवृत्तीनाथांची समाधी आपल्या त्र्यंबकेश्वरी आहे, पौष वद्य एकादशीला तिथे यात्रा भरते, तुमच्यातल्या कितीतरी जणी दिंडीत चालत जाता.

कीर्तनकार ह्या कथेतला चमत्कार सांगतात. आम्हाला त्यातलं खापर दिसतं. घरातल्या एका माणसाला आवडीचं काही खावंसं वाटलं, एवढीच गोष्ट. आणि गावानं ठरवलं की ह्यांना ते मिळू द्यायचं नाही. ही बंदी चातुर्मासासारखी चार महिन्यांनी सुटणारी नव्हती. आणि ज्या मुलीनं मांडे भाजले तिनं ते खाल्ले की नाही, हे कथेत कुणी सांगत नाही.

कधीच न सुटणारी अशी बंदी आणखी एकीवर होती. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत असताना 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहिलं. त्यात त्या सांगतात की उच्च जातीच्या विधवेनं दिवसातून एकदाच जेवायचं आणि सणासमारंभाला तिनं तोंड दाखवायचं नाही. म्हणजे घरात सगळ्यांसाठी पुरण वाटणारी तीच, आणि पंगतीला नको असलेली तीच. तिच्या चातुर्मासाला चंपाषष्ठी नव्हती. आजही आपल्या गटांत हळदीकुंकवाला विधवा मैत्रिणीला बोलवायचं की नाही यावर कुजबुज होते, तेव्हा हे पुस्तक सव्वाशे वर्षांहून जुनं आहे हे आठवावं.

विधवा नसलेल्यांचं तरी काय? आधी देव, मग पुरुष, मग पोरं, मग पातेलं खरवडून आपण. म्हणून आमच्या लक्षात असं आलंय की बायांना आवडीचा पदार्थ विचारला तर निम्म्याहून जास्त जणी माहेरचा सांगतात. आखाजीचा मांडा, आषाढातल्या तळणाच्या तिखट-मिठाच्या पुऱ्या, पंचमीची दिंडं. कारण माहेरी ती ताटावर बसायची आणि दुसरी कुणीतरी वाढायची. चव पुरणाची होती तेवढीच बसून खाण्याची होती.

हे सगळं गणित एका वर्षी मोडलं. १९७२ चा दुष्काळ आमच्यातल्या सत्तरीच्या बायांना काल झाल्यासारखा आठवतो. खडी फोडायला, तलाव खणायला सगळी गावं निघाली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, त्यात बाया खूप. कामावर सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो. तिची भाकरी थापताना चिरायची, पोरं तोंड वाकडं करायची. त्या कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ चा, आणि तो १९७९ पासून अमलात आला. बाईच्या हातात तिच्या नावाची मजुरी पडायला लागली ती ह्या कामांवर. म्हणून त्या पिढीतल्या बाया मिलोला नावं ठेवतात आणि दुष्काळाबद्दल मात्र जपून बोलतात.

त्यानंतर ताट बदलतच गेलं. रेशनवर गहू आणि तांदूळ आला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो झाला, आता तर फुकट आहे. भुकेचा आषाढ त्यामुळे बराच सुसह्य झाला, हे मान्य करायलाच हवं. पण भरडधान्यासाठी कायद्यात १ रुपयाचा दर लिहिलेला असूनही आपल्या दुकानात नागली कितीदा आली? नागली करायला आवणी, खुरपणी, कापणी, झोडणी, सगळी बायांची मेहनत; दुकानातला तांदूळ नुसता पिशवीत भरून आणायचा. हातगड-सुरगाण्याच्या उतारावर आता स्ट्रॉबेरी दिसते. तिचे पैसे होतात, नागलीचे होत नव्हते. मग २०२३ हे जगात भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, आपल्या सरकारनं त्याला 'श्री अन्न' नाव दिलं आणि आपले गट नागलीची बिस्किटं, पापड, आंबील प्रदर्शनात नेऊ लागले. शहरातल्या मॅडम विचारतात, "ही ऑरगॅनिक आहे ना?" काळी भाकरी म्हणून डब्यात न्यायची लाज वाटायची, त्याच भाकरीला आता मान आलाय. तो येऊ दे. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आपल्या रोजच्या कुठल्याच धान्यात एवढं नसतं. पण पिशव्या भरताना आम्ही गटात विचारतो, घरी किती ठेवली? बहुतेक वेळा उत्तर येतं, "घरी कशाला, विकायची आहे."

२०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच्या आधीच्या पाहणीत ४८ होत्या. दुकानं भरली, बारा महिने वांगी मिळायला लागली, चातुर्मास पाळणारी घरं कमी झाली, आणि हा आकडा वर गेला. बंदी सुटली, पण आपल्या ताटावरची मुभा काही त्या प्रमाणात वाढली नाही.

म्हणून गेल्या मार्गशीर्षात आमच्या एका ग्रामसंघानं चंपाषष्ठीला बैठक लावली आणि इतिवृत्तात ठराव लिहिला: पहिली पंगत बायांची, सगळ्या बायांची, हळदीकुंकवाला बोलावतात त्यांची आणि बोलावत नाहीत त्यांचीही. बाजरी गावची, नवी. वांगी एका ताईच्या मळ्यातली. डोंगराकडच्या पाड्यावरून लग्न होऊन आलेल्या दोघी-तिघींनी नागलीच्या भाकरी थापून आणल्या. भरीत शेणीवर भाजलं. वाढायला घरच्या पुरुषांना सांगितलं होतं. ते आले, पहिल्यांदा जरा लाजले, मग जोरात वाढू लागले. बाया मात्र खाताना सारख्या मागे वळून बघत होत्या, पातेल्यात किती उरलंय ते. तिसऱ्या भाकरीला दोन दादांनी हळूच विचारलं, "आमची पंगत कधी?" एका आजीनं तोंडातला घास संपवला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बसा की. आम्ही उठलो की सांगतो."